परातीतला सूर्य

आत्या, तुझ्या मशीनवरच्या सुयांच्या गादीत काल सात सुया सापडल्या. सातही ओवलेल्या. तीन पांढऱ्या दोऱ्याच्या, दोन काळ्या, एक लाल आणि एक आमसुली, जी पुष्पाताईच्या ब्लाउजसाठी तू माझ्याकडून मुद्दाम ओवून घेतली होतीस. दिवाळीची सुट्टी संपवून नागपूरला जाताना मी वीस सुया ओवून ठेवल्या होत्या. म्हणजे तेरा तू वापरल्यास. उरलेल्या सातांचं काय करायचं, ते मला कळत नाही. बाबा म्हणतात, तेरवी झाली की मशीन पांढुर्ण्याला आपल्या घरी नेऊ. मी म्हटलं, गादी तशीच राहू द्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. या घरात मला कोणी फारसं विचारत नाही. विचारून उपयोग नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तू मात्र विचारायचीस.

तेरवीच्या कार्डावर तुझं पूर्ण नाव छापून आलं आहे. मला ते दोनदा वाचावं लागलं. सौंसरात त्या नावानं तुला कोण ओळखतं? आतोबा कधी गेले, तू या दोन खोल्यांत कधी आलीस, कोणाकोणाचे ब्लाउज शिवलेस, हे सगळं भेटायला येणाऱ्यांना बाबा सांगतात. ती माणसं माना हलवतात, चहा पितात आणि बसची वेळ झाली म्हणून उठतात. मला तुझ्याशी त्या शनिवारबद्दल बोलायचं आहे. सात वर्षं राहून गेलं.

ऐंशी सालचं ग्रहण. मी अकरा वर्षांची होते. नागपूरच्या आमच्या इंग्रजी शाळेनं आदल्या दिवशी वसतिगृह रिकामं केलं आणि प्रत्येकीच्या हातात एक छापील कागद दिला. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहू नका. काजळी धरलेल्या काचेतून पाहू नका. पाण्यात पडलेलं प्रतिबिंबही पाहू नका. जाड पुठ्ठ्याला सुईनं बारीक भोक पाडा, सूर्याकडे पाठ करून उभे राहा आणि भोकातून येणारा उजेड समोरच्या पांढऱ्या कागदावर किंवा भिंतीवर पडू द्या. खाली ग्रहण लागण्याची आणि सुटण्याची वेळ दिली होती. तो कागद मी बसमध्ये इतक्या वेळा वाचला की सौंसर येईपर्यंत पाठ झाला. मला तो तुला वाचून दाखवायचा होता. इंग्रजीतून मराठी करून, एकेक वाक्य.

सकाळी तू अंगणात बसून पितळेची मोठी परात घासत होतीस. चिंच, राख, पुन्हा चिंच. इतकी घासलीस की तिच्यात तुझ्या नाकातली चमकी दिसत होती. शेजारच्या देवकाबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांची सून पुष्पाताई सात महिन्यांची गरोदर होती. तिला ग्रहणात आतल्या खोलीत सरळ झोपवून ठेवायचं, काही कापू द्यायचं नाही, चिरू द्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा द्यायचा नाही, असं ठरलं होतं. आणि ग्रहण लागलं की परातीत पाणी घालून मुसळ उभं करायचं. ते आधाराशिवाय उभं राहतं आणि ग्रहण सुटलं की आपोआप पडतं. ते पडेपर्यंत पुष्पाताईनं उठायचं नाही.

मी धीर करून बोलले. म्हटलं, आत्या, पुठ्ठ्याला भोक पाडून सूर्याकडे पाठ करायची असते.

देवकाबाईंनी हातातली सुपारी खाली ठेवली. "काय म्हणते हे? सूर्य पाहाचा, अन् पाठ सूर्याकडे?"

"हो."

"बाप्पा! मंग नवरदेव पाहाले गेली का भिंतीकडे तोंड करून बसजो."

त्या हसल्या. आतून पुष्पाताई हसली. आणि तूही हसलीस. तुझ्या हसण्यात टोमणा नव्हता, मला माहीत आहे. "आमच्या मॅडमच्या शाळेत उलटंच शिकवतेत वाटते," एवढंच तू म्हणालीस आणि माझ्या गालाला चिंचेचा हात लावलास. पण तू हसलीस. मी तो कागद घडी करून दप्तरात ठेवला आणि ठरवलं, आता मी काही सांगणार नाही. अकरा वर्षांच्या मुलीचा ठराव. मी असे ठराव फार चांगले पाळते.

दुपारी उन्हाचा रंग उतरू लागला. ऊन होतं, पण त्यातला जीव गेल्यासारखं. रस्त्यावर कोणी नव्हतं. बसस्टँडकडूनही आवाज येत नव्हता. तू मशीनवर चादर टाकलीस, माठावर तुळशीचं पान ठेवलंस आणि परात अंगणाच्या मधोमध मांडलीस. मुसळ दोनदा कलंडलं, तिसऱ्यांदा उभं राहिलं. तू हात हळूच काढून घेतलास, झोपलेल्या लेकराच्या अंगावरून काढतात तसा. "पाह्य बेबी," तू म्हणालीस, "पाह्य कसं उभं हाये." मुसळाच्या बुडाला सपाट लोखंडी पट्टी होती. ते कोणत्याही दिवशी उभं राहिलं असतं. मी बोलले नाही.

मग तू पाटावर बसलीस. परातीच्या पूर्वेला, तोंड पश्चिमेकडे. पाण्यात सूर्य दिसत होता, एका बाजूनं खाल्लेला. देवकाबाई म्हणाल्या, वर पाहाचं नाही, पाण्यात पाह्यलं त डोळ्याले काही होत नाही. तूही तेच म्हणालीस.

पुष्पाताईच्या खोलीची खिडकी आपल्या अंगणात उघडते. थोड्या थोड्या वेळानं तिचा आवाज यायचा.

"काकू, सुटलं का?"

"नाही वं माय. आता त कुठं अर्धा गिळला."

"पाठ भरून आली."

"सरळ राह्य. मी पाहूनच राहिली ना. सुटलं का पह्यले तुले सांगतो."

देवकाबाईंनी पंचांगातली वेळ सांगितली, तेव्हा तू म्हणालीस, "पंचांगातली वेळ कुठल्या गावची, कोणाले माहीत. पोरीले एक मिनिट जास्तीचं कायले झोपवाचं? मी डोळ्यानं पाहून सांगीन." आत्या, तू हौसेनं पाहत नव्हतीस. तहानलेल्या, अवघडलेल्या एका मुलीला लवकरात लवकर सोडवायचं म्हणून पाहत होतीस. हे मला त्या वेळीही कळत होतं.

मी संत्र्याच्या झाडापाशी होते. तुझ्या मशीनच्या खणातून एक सुई घेऊन वहीच्या पुठ्ठ्याला भोक पाडलं होतं. न्हाणीच्या चुना लावलेल्या भिंतीवर हरभऱ्याएवढा सूर्य पडला, कोर होऊन. मग माझं लक्ष झाडाच्या सावलीकडे गेलं. पानांच्या फटींतून येणारे उन्हाचे कवडसे रोज गोल असतात. त्या दिवशी एकही गोल नव्हता. सगळ्या कोरी. शंभर असतील, दोनशे असतील, लहानमोठ्या, एकीवर एक, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या. वारा आला की भिंतभर हलायच्या. इतकं सुंदर काही मी आजवर पाहिलेलं नाही. आणि ते तुझ्या पाठीमागे, दहा पावलांवर होतं. तू मान वळवली असतीस तरी पुरलं असतं. मी हाक मारली असती तरी. मी मारली नाही. मला वाटत होतं, तू आपणहून मागे वळावंस, बघावंस आणि म्हणावंस, बेबीचंच खरं होतं.

मग कोरी जाड होत गेल्या. हळूहळू त्यांच्या कडा भरल्या. बाबांचं जुनं घड्याळ माझ्या हातात होतं, आणि कागदावरची वेळ पाठ होती. ती वेळ झाली तेव्हा भिंतीवरचे सगळे कवडसे पुन्हा गोल झाले होते. ग्रहण सुटलं होतं.

मुसळ उभं होतं.

"काकू, सुटलं का?"

तू पाण्यावर आणखी वाकलीस. "गोलच दिसून राहिला मले त. पण मुसळ त पडलं नाही."

"मुसळ पडलं नाही त सुटलं कसं म्हणाचं?" देवकाबाई म्हणाल्या. "कुठं तरी कणभर धरून असन. नीट पाह्य."

आणि तू नीट पाहिलंस. ऊन उतरतं होतं, परात आरशासारखी घासलेली होती आणि सूर्य आता पुरा होता. तो कुठे तरी कणभर तरी कापलेला असेल, म्हणून तू त्याची कड शोधत राहिलीस. पाण्यावरचा उजेड तुझ्या चेहऱ्यावर हलत होता, कपाळावर, डोळ्यांवर. मी तुझ्या बाजूला येऊन उभी राहिले होते. 'सुटलं' हा शब्द माझ्या तोंडात होता. तो मी गिळला. सकाळचं हसणं अजून माझ्या गालावर होतं.

किती वेळ गेला? दहा मिनिटं. जास्तही असेल. आत पुष्पाताई रडू लागली. तेव्हा मी परातीजवळून चालत गेले आणि पायाच्या अंगठ्यानं परातीला धक्का दिला.

मुसळ धाडकन पडलं. पाणी तुझ्या लुगड्यावर उडालं. "सुटलं!" तू ओरडलीस, "पुष्पे, ऊठ वं माय, सुटलं!" आणि मग माझ्याकडे वळून, डोळे चोळत, केवढ्या आनंदानं: "पाह्यलं, बेबी? सुटलं, अन् मुसळ पडलं!"

त्या संध्याकाळी तू म्हणालीस, जिथं पाहावं तिथं पिवळा ठिपका दिसतो. दुसऱ्या दिवशी तो काळसर झाला. सोमवारी तू मशीनवर बसलीस आणि सुई ओवता ओवता थांबलीस. महिन्याभरानं डाव्या डोळ्याचं बरंच निवळलं. उजव्याचं निवळलं नाही. बाबा तुला नागपूरला डोळ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन आले, मलाही वसतिगृहातून बोलावलं. मी अक्षरांच्या तक्त्याखाली उभी होते.

"सूर्याकडे किती वेळ पाहिलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"वर नाही पाह्यलं जी. पाण्यात पाह्यलं."

"पाण्यात काय दुसरा सूर्य असतो, बाई?"

तू ओशाळून हसलीस. डॉक्टरांनी सांगितलं, आतला पडदा भाजला आहे, त्याला औषध नाही. बाहेर आल्यावर तू बाबांना म्हणालीस, "डोळा आहे, पण मधातच भोक पडलं. कडेकडेचं दिसते. ज्याच्याकडे पाहावं तेच दिसत नाही." मग मला म्हणालीस, "तू कायले रडून राहिली? एक डोळा हाये ना मले."

त्या सुट्टीपासून मी तुझ्या सुया ओवू लागले. कोणी सांगितलं नव्हतं. आल्या आल्या हातपाय धुवायचे आणि गादी घेऊन बसायचं. तू थट्टा करायचीस, "आली माझी कंपाउंडर." निघायच्या दिवशी पुन्हा एकदा, पुढची सुट्टी येईपर्यंत पुरतील इतक्या. मधे संपल्या की पुष्पाताई ओवून द्यायची, किंवा तू जिभेच्या टोकावर दोरा धरून, डावा डोळा सुईला लावून, तासभर झगडायचीस. हे मला तू नाही, तिनं सांगितलं.

आणि एकदा तू विचारलंस. उन्हाळ्याची सुट्टी होती, मी तेरा वर्षांची. दुपारी ओसरीवर बसून मी सुया ओवत होते, तू ब्लाउजचं अस्तर उसवत होतीस.

"बेबी, एक विचारू?"

"विचार ना."

"मुसळ पडलं, तवा तू परातीजवळून गेली होती ना?"

"पाणी प्यायला जात होते."

"ग्रहणात पाणी?"

मी सुईकडे पाहत राहिले.

"मुसळ पडायच्या आधीच सुटलं होतं काय वं? तुले समजलं होतं?"

तू रागावलेली नव्हतीस. तुझा आवाज तर अगदी साधा होता, अस्तर किती लागेल ते विचारावं तसा. मला आज वाटतं, तुला उत्तर माहीत होतं. तुला फक्त ते माझ्या तोंडून हवं होतं, आणि तेही तुझ्यासाठी नाही. मी म्हटलं, "नाही."

"बरं," तू म्हणालीस. "ओव बाई. काळ्या दोन जास्तीच्या ठेवजो."

त्यानंतर तू तो विषय पुन्हा काढला नाहीस. मुसळाचा वाद मात्र वर्षातून दोनदा तरी निघायचा. तू म्हणायचीस, ते फक्त ग्रहणात उभं राहतं. मी म्हणायचे, कधीही राहील. "मंग करून दाखव ना एक दिवस, साध्या दिवशी. मी समोर बसतो." मी म्हणायचे, दाखवीन. कधी दाखवलं नाही. ते उभं राहिलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता की मग त्या दिवशी पडलं कसं.

तू माझी बाजू घेत राहिलीस, हे मला सगळ्यात जड जातं. मागच्या वर्षी पांढुर्ण्याला मला पाहायला लोक आले होते. मी तीन प्रश्नांना एकेका शब्दात उत्तर दिलं. मुलाची मावशी म्हणाली, मुलगी बोलत नाही का? तू ताटातली सुपारी उचलत म्हणालीस, "बोलते ना. आपल्यासारखी फुकट नाही बोलत." ते लोक पुन्हा आले नाहीत आणि तू बसमध्ये सौंसर येईपर्यंत हसत होतीस. मग एकदम थांबून म्हणालीस, "आमची बेबी कमी बोलते, पण पाहून ठेवते सगळं." मी खिडकीबाहेर पाहत राहिले. हो आत्या, पाहून ठेवते. तेवढंच करते.

कॉलेजसाठी तू शिवलेला निळा ब्लाउज माझ्याकडे आहे. त्याचं तिसरं काज तिरपं गेलं आहे. तू बोटानं चाचपून केलं होतंस. मैत्रिणीनं विचारलं, शिंप्याकडून नीट करून का घेत नाहीस? मी म्हटलं, असू दे. पाहा, हे 'असू दे'ही तुझंच.

या दिवाळीला मी ठरवून आले होते. अठरा वर्षांची झाले, आता सांगायचं. तू चिवडा परतत होतीस, मी चव पाहत होते, घरात तिसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, आत्या. तू म्हणालीस, काय वं? मी म्हटलं, मीठ कमी वाटतं. तू चव घेतलीस आणि म्हणालीस, बरोबर हाये, चांगलं झालं बोलली. मग निघताना त्या वीस सुया ओवल्या. सांगण्याऐवजी ओवल्या, असंच म्हणायला हवं. सगळी वर्षं मी तेच केलं.

तू मशीनवर बसल्या बसल्या गेलीस. पुष्पाताईनं खिडकीतून हाक मारली आणि तू ओ दिली नाहीस. तिनं ही गोष्ट मला चार वेळा सांगितली आणि चारही वेळा म्हणाली, "मी हाक मारली का काकूनं ओ दिली नाही, असं कधी झालंच नाही." मी ऐकत होते आणि मला त्या शनिवारची खिडकी आठवत होती.

आज दुपारी बाबा आचाऱ्याशी बोलायला बाजारात गेले. घरात मी एकटी होते. मी माळ्यावरून मुसळ काढलं, परात काढली. परात काळी पडली होती, मी घासली नाही. अंगणाच्या मधोमध ठेवून पाणी घातलं आणि मुसळ उभं करू लागले. दोनदा कलंडलं. तिसऱ्यांदा उभं राहिलं. मी हात काढून घेतला. साधा दिवस, भरलेलं ऊन, संत्र्याला फळं लागलेली, भिंतीवर गोल गोल कवडसे. मुसळ सरळ उभं होतं. सात वर्षांचा वाद मी जिंकले होते, आणि तुझा पाट रिकामा होता. ते पडावं म्हणून मी किती वेळ वाट पाहिली, आत्या. तुझं खरं व्हावं म्हणून.

पुष्पाताई कपडे वाळत घालायला बाहेर आली आणि थबकली. तिची मुलगी शाळेतून आली नव्हती. "अवं बेबी, आज कोणतं ग्रहण हाये?"

"आज नाही."

"मंग?"

मी तिच्याकडे पाहिलं. आणि म्हटलं, "ताई, त्या दिवशी सुटलं होतं. मुसळ पडायच्या लई आधी. मले माहीत होतं."

'मले' म्हटलं मी. माझ्या 'मला'वरून तू सात वर्षं चिडवत होतीस, तरी कधी म्हटलं नव्हतं.

तिच्या हातात ओलं लुगडं होतं. त्याचं पाणी तिच्या पायांवर गळत राहिलं. "काकूले माहीत होतं?" तिनं विचारलं.

"तिनं विचारलं होतं. मी नाही म्हटलं."

पुष्पाताईनं लुगडं पिळलं, दोरीवर टाकलं, त्याची टोकं जुळवली. मग घरात गेली. मला वाटतं, ती आता माझ्याशी पूर्वीसारखी बोलणार नाही. थोड्या वेळानं तिची खिडकी लागल्याचा आवाज आला. ती खिडकी मी दिवसा कधी बंद पाहिलेली नाही.

ऊन उतरेपर्यंत मी बसून होते. मुसळ पडलं नाही. या वेळी मी पाय लावला नाही. उठले, तुझा पाट होता त्या बाजूला, तुझ्या खांद्याशी उभं राहावं तशी उभी राहिले, आणि त्या दिवशी जे चार शब्द मोठ्यानं म्हणायचे होते, ते म्हटले.

आत्या, सुटलं. पाहू नको.